लिंबू कमी घातलेलं हमस

"हे आंबलंय," असं म्हणत त्याने डबा टेबलावर ठेवला, तेव्हा संघमित्राने आधी डब्याकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

मुलुंड पूर्वेच्या त्या सभागृहात दर रविवारी घरगुती वस्तूंचा बाजार भरायचा. एका बाजूला लोणची-पापड, दुसऱ्या बाजूला कुर्ते, आणि मधल्या टेबलावर संघमित्राचं हमस. पवईच्या एका हॉटेलात ती थंड पदार्थ करायची. ती नोकरी सोडून तिने घाटकोपरच्या घरातच हे सुरू केलं होतं. उकडलेले काबुली चणे, तीळ, लिंबू, लसूण, वरून ऑलिव्हचं तेल. लोक चाखायचे, "चण्याची चटणी का?" असं विचारायचे आणि बहुतेक जण घेऊनही जायचे. डबा परत घेऊन आलेला हा पहिलाच.

तिने झाकण काढून वास घेतला. आंबलं होतं खरं.

"ठेवलं कुठे होतंत?"

"फ्रिजमध्ये."

"फ्रिजमध्ये कुठे?"

"दारात. बाटल्यांच्या शेजारी."

"आणि खाताना?"

"खाताना काय… चमचा घातला, खाल्लं."

"तोच चमचा परत डब्यात?"

त्याने भुवया उंचावल्या. "तुम्ही आधी पोलिसात होता का?"

संघमित्राने हसू दाबलं. "दार सारखं उघडतं, तिथे गारवा टिकत नाही. आत, मागच्या बाजूला ठेवायचं. काचेच्या बरणीत असेल तर उत्तम. वर तेलाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे हवा लागत नाही. आणि हवं तेवढंच कोरड्या चमच्याने वाटीत काढायचं. उष्टा चमचा आत गेला की वाट लागली."

"म्हणजे चूक माझी."

"हो."

"निदान सॉरी तरी म्हणा."

"मी कशाला?"

तो मोकळेपणाने हसला. "रागात तुमचा आवाज छान लागतो हं. खरंच. मी अंधेरीला डबिंग स्टुडिओत रेकॉर्डिस्ट आहे, दिवसभर आवाजच ऐकतो."

"असं सगळ्या टेबलांवर सांगता का?"

"लोणच्याच्या टेबलावर आजी बसल्यात. त्यांना नाही सांगितलं… अजून."

त्याचं नाव सुशांत. पुढच्या रविवारी तो फ्रिजचा फोटो घेऊन आला. आतल्या कप्प्यात, अगदी मागे, काचेची बरणी. संघमित्राने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "झाकण नीट लागलेलं नाहीये."

"तुम्हाला कधी काही आवडतं का?"

"आवडतं ना. नीट लावलेलं झाकण."

त्याच दिवशी त्याने विचारलं, "लिंबू कमी घालून द्याल? आणि लसूण नकोच."

"लिंबू कमी घातलं तर टिकणार नाही. त्या आंबटपणावरच ते टिकतं."

"पण झोंबतं."

"कुणाला?"

त्याची नजर क्षणभर डब्यांवरून फिरली. "…मला."

एवढा धडधाकट माणूस आणि लिंबू झोंबतं! पण तिने करून दिलं. लहान लहान डब्यांत भरलं, वर थोडी जागा सोडून, कारण गोठताना ते फुगतं. "हे फ्रीजरमध्ये ठेवायचे. आदल्या दिवशी एकच डबा खाली काढायचा. पाणी सुटलं तर ढवळायचं. काढलेला डबा दुसऱ्या दिवशी संपवायचा. उरला तर टाकून द्यायचा, परत गोठवायचा नाही. आणि बाहेर तर अजिबात ठेवायचं नाही. ऑक्टोबर आहे."

"परत एकदा सांगाल?"

"ऐकलं नाही?"

"ऐकलं. परत ऐकायचंय."

मग रविवार संपला की टेबल आवरायला तो थांबू लागला. दोघं स्टेशनपर्यंत चालत जायची, वाटेत कटिंग चहा प्यायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते एवढंच की तो यायच्या वेळी तिची नजर सारखी दाराकडे जाते.

आणि एका रविवारी तो आलाच नाही.

दुपारी मेसेज आला. 'बाबांना ऍडमिट केलं होतं. पोट बिघडलं. आज घरी आणलं, बरे आहेत. तुला सांगितलं नव्हतं, त्यांच्या तोंडाचं ऑपरेशन झालंय. चावता येत नाही. हमस त्यांच्यासाठी नेत होतो. तेवढं एकच ते आवडीने खात होते.'

संघमित्राने तो टेबलामागच्या खुर्चीत बसून दोनदा वाचला. लिंबू कमी केलं होतं… तिने स्वतः. प्रत्येक वेळच्या हमसचा एक डबा ती स्वतःसाठी राखून ठेवायची. घरी गेल्या गेल्या तिने त्याच खेपेचा डबा फ्रिजमधून काढला, वास घेतला, चाखला. चांगला होता. तरीही मन मानेना. पत्ता मागून ती दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या घरी पोचली.

दार उघडलं तेव्हा सुशांतची दाढी वाढलेली होती. "तू कशाला आलीस? तुझी काही चूक…"

"तेच बघायला आले. फ्रिज उघडू?"

सगळे डबे फ्रीजरमध्ये तिने सांगितल्यासारखेच होते, प्रत्येकावर तारीखसुद्धा. खालच्या कप्प्यात एकच, मागे. ती गोंधळून उभी राहिली. एवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी जड, अस्पष्ट आवाजात काही बोललं.

"बाबा तुला बोलावतायत," सुशांत म्हणाला. त्याच्या वडिलांचं, राजारामांचं बोलणं आता त्याच्याशिवाय कुणाला चटकन कळत नसे.

गिरणीत राबलेला तो उंच माणूस खिडकीशी पलंगावर बसला होता. एक गाल आत गेलेला. त्यांनी खिडकीचा पडदा बाजूला केला. कट्ट्यावर, उन्हात, हमसचा रिकामा डबा होता.

"पहाटे भूक लागता गो," ते शब्द जोडत सावकाश म्हणाले. "ह्याका उठवूक नको म्हणान… रातीच एक डबो हंय ठेवलंय."

सुशांत पलंगाशेजारी जमिनीवरच बसला. "मला हाक मारायची ना, बाबा!"

"तू दमान येतंस."

संघमित्रा म्हणाली, "माल पोचवायला माझ्याकडे छोटी पेटी आहे, बर्फाच्या पिशव्या ठेवायची. उद्या आणून देते. पलंगाशी ठेवा. पहाटे खायचं आणि उरलं तर टाकून द्यायचं. कळलं का, काका?"

राजारामांनी मान हलवली. मग विचारलं, "नाव काय तुझा?"

"संघमित्रा."

"आडनाव?"

"बाबा!" सुशांत म्हणाला.

"गायकवाड. बौद्ध आहोत आम्ही." हे ती नेहमी असंच, सरळ सांगायची. समोरच्याला आडून विचारायची तसदी नको आणि आपल्याला वाट बघायची.

राजाराम तिच्याकडे बघत होते, ती त्यांच्याकडे. मग त्यांनी पायाने कोपऱ्यातली खुर्ची तिच्या दिशेने सरकवली.

"बस मगे. उभी कित्याक?"

ती बसली. थोड्या वेळाने चहा करायला सुशांत स्वयंपाकघरात गेला, तशी तीही मागोमाग गेली.

"लिंबू तुला झोंबतं म्हणालास. का?"

त्याने चहाचं आधण ठेवलं. "बाबांचं सांगितलं असतं तर तू हळू आवाजात, जपून बोलायला लागली असतीस. सगळेच बोलतात. मला… भांडणारी हवी होतीस."

"होतीस… की आहेस?"

साखरेचा चमचा त्याच्या हातातच राहिला. "आहेस."

"मग नीट सांग."

"तू मला आवडतेस, संघमित्रा. तू हमस विकत नसतीस, खिळे विकत असतीस, तरी दर रविवारी खिळे घेऊन आलो असतो."

"म्हणजे तुला हमस…"

"खरं सांगू? नाही आवडत गं."

"दर वेळी चाखून 'झकास' म्हणायचास!"

"ते हमसला नव्हतं."

संघमित्राला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले, आणि दोन्हींचं काय करावं ते न कळून तिने त्याच्या हातातला चमचा काढून घेतला नि स्वतःच साखर घातली. त्याचा मोकळा झालेला हात तिने तसाच धरून ठेवला. चहा उकळत होता. खोलीतून राजारामांनी काहीतरी विचारलं. दोघांनाही ऐकू आलं, पण हात कुणी सोडला नाही.

मग तिने घरी फोन लावला.

"आई, उशीर होईल मला… हो, त्यांच्याच घरी आहे. काका बरे आहेत. आणि ऐक ना… येत्या रविवारी बाजार संपला की मी एकाला घरी आणतेय. हो, त्यालाच. जेवायला… नाही गं, नुसतं जेवायला नाही."

संघमित्राच्या बोटांची पकड घट्ट झाली. शेवटी आईने एकच विचारलं, "मटण खातो ना?"

तिने प्रश्न सुशांतला सांगितला. तो इतक्या जोरात "हो!" म्हणाला की आईला परत सांगायची वेळच आली नाही.