मोकळं

ज्याला खोटं वाटेल त्याने बेटेगावला येऊन ती टाकी बघावी. अजून गच्चीवर आहे. लोखंडी. झाकण उघडं. ते लावायची हिंमत चारुताला होत नाही.

गेल्या मार्गशीर्षातला रविवार. चारुताचे बाबा, नरहरी, टाकी घासायला आत उतरले होते. नौदलातून निवृत्त झालेले वेल्डर. क्षेपणास्त्रांच्या चाचण्या जिच्यातून व्हायच्या, त्या पाणबुडीवर त्यांची उमेदीची वर्षं गेली.

तिथला एक रिवाज त्यांनी घरी आणला होता. क्षेपणास्त्राच्या रिकाम्या नळीत कोणी कामाला उतरलं, की बाहेर एक जण थांबायचा. काम संपलं की आतला दोनदा ठोकायचा. बाहेरच्याने "मोकळं!" म्हटलं, तरच वर यायचं.

त्याआधी नाही.

त्या रविवारी ठक ठक झालं, तेव्हा बाहेर थांबलेली चारुता फोनवर होती. बोलता बोलता ती खाली निघून गेली.

शेवटी आईने वर जाऊन "या आता" म्हटलं, तेव्हा बाबा आले. गाळाने माखलेले.

"'या' नाय चालत, बाय. मोकळंच बोलायचं. बोटीवर असतो तं पेन्शन पन आतच घेतली असती!"

"तुमची बोट काय बुडत नाय," आई म्हणाली. "आंघोळ करा आदी."

फोन संपवून जिन्यात आलेली चारुता हसली. मोकळं मात्र म्हणाली नाही.

सोमवारी पहाटे बाबा झोपेतच गेले. अग्नी तिनेच दिला.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. दिवेलागणीला ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. वारा पडलेला. कावळ्यांचा आवाज नाही. एमआयडीसीची घरघरसुद्धा नाही...

ठक. ठक.

लोखंड गार होताना वाजतं, तिने स्वतःला समजावलं.

ठक. ठक.

तिने टाकीला कान लावला. सकाळीच काठोकाठ भरलेली टाकी...

आत पाणी नव्हतं.

कोणीतरी श्वास घेत होतं.

"वाजली काय गो?" जिन्यातून आईचा आवाज आला. "रोज वाजते. मी 'या' बोलून बगितलं. थांबत नाय."

चारुताच्या हातातले कपडे गळून पडले.

म्हटलं नाही, तर बाबा आतच.

म्हटलं, तर... वर कोण येईल?

झाकण आतून किंचित उचललं गेलं.

तिने डोळे घट्ट मिटले.

"बाबा... मोकळं."