जांभळीखालची ओ

हर्षदा, तुझ्या कॉलेजला बागेचा इतिहास पायजे न्हवं? मग लिव. पण माझ्या एका शब्दावर इस्वास ठिवलास तर तू येडी, आन् न्हाई ठिवलास तर त्याहून येडी. बघ, हाय का हिंमत?

आमच्या हितं राख नदीत सोडायचं बंद झालं त्याला बारा वर्सं झाली. कालव्याच्या कडंला गायरानात खड्डा घ्यायचा, माणसाची राख त्यात घालायची, वर झाड लावायचं. घरच्यांनी जाऊन नावानं हाक मारायची, मग पाणी घालायचं. ह्यो बागेचा नेम. आमच्या म्हाताऱ्याचा आंबा तिथंच. त्याला मी नुसतं "आवं" म्हणायची. नवऱ्याचं नाव घ्यायला लाज न्हाई व्हय वाटत?

आता माझं पाप ऐक. दुपारी बाया पाणी घालाय यायच्या, तवा मी झाडामागं दडायची. कुणी हाक मारली की घसा जाड करून, "ओ!" बाया कळश्या टाकून पळायच्या. माझं हसून हसून पोट दुखायचं.

सविता मातुर पळाली न्हाई. कवळी पोर. तिचा विक्रम वरवंडाजवळ हायवेला ट्रकखाली ग्येला. तिनं त्याच्या जांभळीला हाक मारली, मी ओ दिली. ती खाली बसली आन् सांगाय लागली... आज कालवणात मीठ पडलंच न्हाई, सासू बोलली, मोटरसायकल अजून तशीच उभी हाय. मला हसू आलंच न्हाई बघ. मग रोजच जावं लागलं. त्या पोरीला ती ओ लागत हुती.

औंदा उन्हाळ्यात बागेच्या कमिटीचे बापूसाहेब माझ्या दारात. मंगल कार्यालयाला रस्ता काढायचा, मधी ती जांभळ. सविता बुंध्याला मिठी मारून बसलेली.

"मावशी, ती ओ तुमची, ठावं हाय मला. तेवढं तिला सांगा. एक जांभळ जाईल. बाकी बाग जलमभर राखतो. तुमच्या आंब्याची आण."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"मग रस्ता आंब्यावरनं जाईल."

मी ग्येले. समद्या गावादेखत म्हणले, "सविता, तुझा विक्रम न्हाई गं. मी हुते." आन् ओ देऊन दाखवली. लोक खदखदा हसले.

सविताची मिठी सुटली. माझ्याकडं बघत हळूच म्हणाली, "आजी... माघात तुम्ही डोळ्याच्या आपरेशनला पुण्याला हुता. आठ दिस."

"व्हय."

"मग त्या आठ दिसांत... कोण हुतं?"

हसणारी माणसं दोन पावलं मागं सरली. बापूसाहेब तेवढे म्हणाले, "मशीन चालू करा रं."

आधी जांभळ पडली. दुपारपातुर माझा आंबाबी. एकेचाळीस झाडं, एक ठिवलं न्हाई. मी बापूसाहेबांचा सदरा धरला. "आण घेतली हुती न्हवं!"

त्यांनी माझा हात सोडवला. हसले. "मावशी, गंमत काय तुम्हालाच करता येती व्हय?"

सविता केडगावला माहेरी ग्येली. माझ्या दारावरनंच ग्येली, पण मान वळवली न्हाई.

तवापासनं दुपारच्याला माझ्या मागल्या दाराला वल्या राखंचा वास येतो. आन् हाक येती... "म्हाळसा..." आमच्या म्हाताऱ्याचा आवाज. जितेपणी त्यानं एकदाबी माझं नाव घेतलं न्हाई, "अगं ए" म्हणायचा. मग हे त्याला कुणी शिकवलं? मी ओ देत न्हाई. पदराचा बोळा तोंडात कोंबून बसते. ओ दिली म्हंजी त्याला कळंल की मी घरात हाय... आन् त्याचं झाड मी राखलं न्हाई.

थांब. पेन खाली ठिव.

ऐकलंस? हाक न्हवं गं... हाक तर रोजचीच. तिच्या मागनं आलं ते.

माझं तोंड मिटलेलं हुतं. तू माझ्याकडंच बघत हुतीस, खरं सांग, मिटलेलं हुतं का न्हाई? मग मागल्या दारातनं आत्ता... माझ्या आवाजात... ओ कुणी दिली?

ऊठ पोरी. वही र्‍हाऊ दे. फुडल्या दारानं जा. जा आता!