समोरच्या बाजूचा हत्ती

रविवारी दहाला खिचडी खाऊन आमचा डाव मांडला जायचा. आमचा म्हणजे माझा नवरा वेणीमाधव विरुद्ध लॅपटॉप. मी नुसती हमाल. यांना दिसत नाही. अंधांच्या स्पर्धेत दोनदा राज्यविजेते झाले ते बोटांच्या जोरावर. यांच्या पटावरची काळी घरं उंचावलेली, प्रत्येक मोहऱ्याला खाली खुंटी, ती घराच्या भोकात घट्ट बसते. संगणकाची खेळी मी वाचून दाखवायची, यांची त्याला कळवायची. पटावर दोन्ही बाजूंचे मोहरे हेच हलवणार. मी पटाला हात लावायचा नाही, हा नियम आमच्या लग्नाइतकाच जुना.

भाचा गौरांगने तो प्रोग्रॅम घालून दिला आणि घराची रया गेली. एकतीस रविवार, एकतीस हार. अहो, जगज्जेतेसुद्धा यंत्रापुढे टिकत नाहीत, हे मी शंभरदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. हे दाढी करेनात, अंधशाळेत शिकवायला जाईनात.

"एकदा तरी जिंकू दे, सुधा," म्हणायचे. "नाहीतर मी जन्मभर केलं काय?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

दिवाळीनंतर एकदा त्यांनी विचारलं, "पटाला हात लावलास?"

"नाही हो."

"त्याचे मोहरे कोमट लागतायत. माझे गार आहेत."

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. नाशिक रोडच्या आमच्या बाल्कनीत पट मांडायचो, तिथे त्याच्या बाजूला सकाळचं ऊन येतं, म्हणून टेबल आतल्या खोलीत ओढलं. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. फक्त त्याच्या मोहऱ्यांना हात लावण्याआधी ते जरा थांबायला लागले.

बत्तिसाव्या रविवारी यांची बाजू चक्क वरचढ होती. कित्येक महिन्यांनी चेहऱ्यावर तरतरी होती. चहा मागून घेतला, दोन्ही हातांत कप धरून बसले. तेवढ्यात पडद्यावर खेळी आली. हत्ती, डी सात. त्यापुढे यांचं काहीच चालणार नव्हतं, एवढं मलाही कळत होतं.

मी खोटं बोलायचं ठरवलं.

"हत्ती, ए एक," मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. बोटं पटावरून फिरली आणि थांबली.

"तो डी सातवर आहे," ते हळूच म्हणाले. "खोटं का सांगतेस?"

मी पाहिलं. हत्ती डी सातवर होता. खुंटी भोकात पक्की बसलेली.

मी लॅपटॉप बंद केला आणि झाकण दाबून धरलं.

"बंद करून काय होणार?" ते म्हणाले.

हरणाऱ्याने हात पुढे करायचा, ही बुद्धिबळातली रीत. त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला.

"हरलो."

हात हवेत दोनदा वरखाली झाला.

"सुधा, सोड ना आता. दुखतंय."

माझे दोन्ही हात झाकणावर होते.

त्यांच्या बोटांची टोकं पांढरी पडत चालली होती.