दिग्विजयच्या पिशवीतला पॉवर सप्लाय

ज्याला पटणार नाही त्याने खुशाल सोडून द्यावं. पण हे घडलंय. जिच्यासोबत घडलं ती अंकिता आजही सांगलीत, विश्रामबागच्या त्याच गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करते.

गेल्या फेब्रुवारीतला रविवार. रात्र नव्हती. लख्ख दुपार होती. आजूबाजूची दुकानं बंद.

पाचगणीच्या एका शाळेला तीस कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय बदलून हवे होते. तीन कंपन्यांचे नमुने चालवून बघायचे आणि त्यातला एक ठरवायचा, एवढंच काम. आधी असली कामं नवरा-बायको मिळून करायची. तिचा नवरा दिग्विजय मीटर धरून आकडा सांगायचा, "लिव" म्हणायचा. ती वहीत लिहायची.

नोव्हेंबरात दिग्विजय गेला.

तिसरा नमुना आणायला तो साताऱ्याला गेला होता. परतताना आष्ट्यातून त्याचा फोन आला, चहा घेतोय म्हणाला. आष्टा सोडल्यावर उसाच्या रानाकडेला त्याची मोटरसायकल घसरली. जागीच गेला, काही सोसावं लागलं नाही, असं सासऱ्यांनी अंकिताला सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर ती दिवस ढकलत होती.

त्याची पिशवी घरी आली, ती तिनं तीन महिने उघडली नव्हती. शाळेचा दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा उघडली. आत तो सप्लाय होता. खोक्याचा एक कोपरा चेपलेला, बाकी ठीक.

पहिले दोन सप्लाय तिनं तासतासभर चालवले. भार पडावा म्हणून गाडीच्या हेडलाइटचे चार बल्ब जोडले होते. दर पाच मिनिटांनी मीटर बघायचा आणि वेळ टाकून आकडा लिहायचा. बारा व्होल्टच्या आसपास टिकला की माल चांगला. दोन्ही टिकले.

चार वाजून दहा मिनिटांनी तिनं तिसरा लावला.

पंखा फिरला. बल्ब पेटले. तिनं वहीत पहिला आकडा लिहिला... बारा पॉईंट एक.

आणि तिचा हात थांबला.

मीटरकडे तिनं अजून पाहिलंच नव्हतं.

कुणीतरी आकडा सांगितला होता. सवयीनं तिनं तो लिहून घेतला होता.

तिनं मीटर पाहिला. बारा पॉईंट एक.

दुकानात कुणी नव्हतं. तिनं मागची मोरीसुद्धा बघितली. परत येऊन बसली. पाच मिनिटं झाली आणि पंख्याच्या आवाजाखालून, अगदी हळू...

"अकरा पॉईंट आठ. लिव."

तो दिग्विजयचा आवाज होता. नेहमीचा. कामात असताना असायचा तसा.

मीटरवर बारा पॉईंट एकच होतं. बल्ब तसेच लख्ख.

अंकिता उठून पळाली नाही. तिला भीती वाटलीच नाही, असं ती सांगते. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो आवाज कानावर पडत होता. तिनं लिहिलं, अकरा पॉईंट आठ.

"अकरा पॉईंट दोन."

तिनं लिहिलं.

"दहा..."

आकडा उतरत होता. दोन आकड्यांमधलं थांबणं वाढत होतं. मीटर मात्र जागचा हलत नव्हता. आठला त्याला धाप लागली. सहाला त्यानं "लिव" म्हटलं नाही.

"लिवते हो," ती म्हणाली. "दमानं सांगा."

तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पेन चालू होता. उसाच्या हिरव्या पाल्याचा वास येत होता... त्या बंद गाळ्यात.

"तीन..."

मग बराच वेळ काही नाही.

मग नुसता पंखा.

तिनं घड्याळ पाहून वहीत शेवटची वेळ लिहिली. पाच पंचवीस. बल्ब अजून तसेच जळत होते.

थोड्या वेळानं सासरे आले. लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले. रविवारी तेच तिला न्यायला यायचे. दाराशीच थबकले.

"रडतीस व्हय, पोरी? काय झालं?"

तिनं वही पुढे केली. काय ऐकलं ते सांगितलं. आकडे आणि त्यांच्यासमोर लिहिलेल्या वेळा लालासाहेबांनी बोट ठेवून वाचल्या. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. ते स्टुलावर बसले.

"ह्यो पीस कुठला?"

"ह्यांच्या पिशवीतला, आबा."

म्हाताऱ्यानं वही मिटून टेबलावर ठेवली.

"मी तुला खोटं सांगितलं," ते म्हणाले. "जागीच न्हाई गेला. सव्वा तास पडून हुता रानात. कुनाला दिसलाच न्हाई. एका टेम्पोवाल्यानं बघितलं तवा धुगधुगी हुती. त्याच्याच मांडीवर गेला. पाच पंचवीसला."

लालासाहेबांनी चालू सप्लायकडे बघितलं.

"टेम्पोवाला म्हणाला, पिशवी पोटाशी धरली हुती आन् तोंडानं कायतरी आकडं पुटपुटत हुता. आमाला वाटलं, डोक्याला मार लागलाय, बडबडतुय. तुला काय सांगायचं, पोरी? एकटाच हुता गं त्यो."

तिनं हात लांब करून बटण बंद केलं. पंखा थांबला.

शाळेला दुसऱ्या कंपनीचा माल गेला. खरं तर तिसऱ्यात काहीच खोट नव्हती. मीटरवर तो शेवटपर्यंत बारा पॉईंट एकच दाखवत होता.

तो सप्लाय आजही दुकानात वरच्या फळीवर आहे. लालासाहेब म्हणतात, नदीत सोड. तिच्यानं होत नाही. कधी कधी दुपारी एकटी असली की तो खाली काढून लावावा, असं तिला फार वाटतं. निदान आवाज तरी ऐकू येईल.

वायर हातात घेते... आणि ठेवून देते.

तो सव्वा तास त्याला पुन्हा सोसावा लागत असेल तर?

हे तिला कुणी सांगू शकलेलं नाही.