शेंग्याची कंबर

"अहो! असं धरू नका त्याला... कंबर मोडंल त्याची!"

मुदखेड स्टेशनवर बारीक पाऊस लागला होता. समोरच्या तरुणानं एक तपकिरी कुत्रं काखेत दाबलं होतं, पोतं दाबावं तसं. लांबलचक अंग, आखूड पाय, लोंबते कान. मागचं धड नुसतं हवेत लटकत होतं.

तो वळला. पापण्यांवर थेंब होते. "डॉक्टर हाय का तुम्ही?"

"हाय. जनावरांचीच."

तो लाजला. मी त्याचा एक हात कुत्र्याच्या छातीखाली ठेवला, दुसरा मागच्या पायांखाली. माझे हात काढून घ्यायला मला जरा उशीरच झाला...

"ह्याचं नाव शेंग्या. मी सत्यम. हैदराबादच्या मित्रानं दिला. आमच्या भोकरला लोक हसतात, ह्याचे पाय तिकडंच राहिले का म्हणून."

"डॅशहुंड हाय हा. जर्मनीतल्या शिकाऱ्यांनी बिळात शिरायला घडवलेली जात. जनावराच्या मागं जमिनीखाली जायचं अन् भुंकून वर सांगायचं. म्हणून पाय छोटे, आवाज मोठा. अन् हट्टी लई. एका माणसाला जीव लावला की लावला."

"मग माझ्यासारखाच की," तो म्हणाला. मी उगाच रुळांकडं बघत राहिले.

मी लुंबिनी. उदगीरला शिकून नांदेडच्या एका दवाखान्यात नुकतीच लागले होते, रोज मुदखेडहून जायचे. सत्यमचं मुदखेडलाच खतबियाण्यांचं दुकान. त्या दिवसापासून त्याचे फोन सुरू झाले. शेंग्याचे कान कशानं पुसू? गळ्यात पट्टा बांधू का?

"गळ्यात नको, छातीला बांधा. पलंगावर उडी मारू देऊ नका, उतरती फळी लावा. अन् तुपाची भाकर बंद. वजन वाढलं की पाठ जाते ह्यांची."

"माझ्या वजनाचं कधी विचारत न्हाई तुम्ही..."

"तुमची पाठ शाबूत हाय ना?"

"तुम्ही बोलला न्हाई की मोडती."

मी हसायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. तो मला स्टेशनवर सोडायला यायचा. शेंग्या आमच्या दोघांच्या मधून चालायचा. बुद्धविहाराच्या गल्लीत माझं घर. तिथवर मात्र सत्यम कधी आला नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर...

वैशाखात शेंग्यानं ट्रॅक्टरवरून उडी मारली. मागचे पाय गेले. सत्यमनं त्याला दवाखान्यात आणलं. मी त्याच्या मागच्या पायाची बोटं चिमट्यात दाबली, तसा शेंग्या कळवळला. माझ्या जिवात जीव आला.

"संवेदना हाय. काही आठवडे पिंजऱ्यात ठेवायचं, औषध द्यायचं, लघवी हातानं दाबून काढायची. उभा राहू शकंल हा."

सत्यम खाली बघत म्हणाला, "आप्पासाहेब म्हणतात, मरणाची सुई देऊन टाक. घरी पाहुणे येणार हायत... माझं जमवायला."

आप्पासाहेब म्हणजे त्याचे वडील. माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"तू काय म्हणालास?"

"त्यांच्यापुढं काय बोलू?"

"मग शेंग्याला मला दे. मी करते सगळं."

"तसं न्हाई जमायचं, लुंबिनी. लोक विचारतील... कुणाच्या घरी दिलं म्हणून."

"कुणाच्या घरी? म्हण ना तोंडानं."

तो टेबलाच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत राहिला. मग एकदम त्याचे डोळे भरले. "माझा जीव हाय तुझ्यावर. पहिल्या दिवसापासून."

किती महिने मी ह्या शब्दांची वाट बघितली होती!

"हेच घरी सांगशील?"

बाहेर कुणाचं तरी वासरू हंबरत होतं. सत्यमनं शेंग्याच्या डोक्यावर हात ठेवला, काढून घेतला, पुन्हा ठेवला.

"जा तू," मी म्हणाले. "सुई दिली म्हणून सांग."

"सांगतो," तो म्हणाला. इतक्या लवकर म्हणाला! अन् गेला.

मी शेंग्याला घरी आणलं. आईनं, महामायेनं, जुनं लुगडं फाडून त्याला अंथरूण केलं. रात्री तो कण्हायचा आणि मी पिंजऱ्याशी पडून राहायचे. सत्यमचं लग्न नायगावला झाल्याचं कुणीतरी सांगितलं. मी त्या दिवशीही दवाखान्यात गेले.

आषाढात एका सकाळी शेंग्या उभा राहिला. डुगडुगत, तोल जात... पण चार पायांवर. माझं बोट आपोआप सत्यमच्या नंबरवर गेलं. रिंग वाजायच्या आत मी फोन बंद केला. काय सांगणार होते? त्या घरात शेंग्या कधीच मेला होता.

शेंग्या लटपटत दारापाशी गेला. रस्त्याकडं तोंड करून बसला, लोंबते कान जरा उचलून.

"चल आत," मी म्हणाले. "कुणी येणार न्हाई."

तो हलला नाही. मग मीही त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसले.