घामाचा सूर

आजोबांचं गणित सांगत होतं, हा नवा धातू न्यूट्रॉन (अणूच्या गाभ्यातला, विजेचा भार नसलेला कण) फारसे गिळणार नाही. मोजणी म्हणत होती, बकाबका गिळतो. मग चुकलं कोण?

केतकीने मोजणीचा आकडा पुन्हा वाचला. तिची आई चंद्रावरच्या वस्तीत राहत होती. तिथली रात्र चौदा दिवसांची, थंडी हाडं गोठवणारी. उबेसाठी तिथे पुढच्या रात्रीआधी छोटी अणुभट्टी बसायची होती, तिच्या नळ्या याच धातूच्या. नळ्यांनीच न्यूट्रॉन खाल्ले तर भट्टी चालणार कशी? आकडा संध्याकाळपर्यंत तिथे कळवायचा होता. धातू नापास झाला, तर भट्टी वर्षभर लांबणीवर.

"आजोबा, न्यूट्रॉन दिसतच नाहीत, मग गिळलेले मोजले कसे?"

"काल्याच्या कीर्तनात लाह्या उधळतात ना, तसं. टोपीत किती अडकल्या ते मोजलं, की टोपी केवढी ते कळतं. अणुगाभ्याची ही टोपी म्हणजे काटछेद (न्यूट्रॉनला गाभा जेवढा मोठा भासतो तेवढा आकार). लाह्या किती उधळल्या ते शेजारचा सोन्याचा पत्रा सांगतो, कारण सोन्याची टोपी आपल्या ओळखीची. न्यूट्रॉन धरलेला गाभा मग किरण सोडतो, आणि दर किरणाला आपला टाळकरी टाळ वाजवतो."

टाळकरी म्हणजे मोजणारा यंत्रमानव. "आज हात भरून आले," तो कुरकुरला.

केतकी बोटं चोळत राहिली. मग म्हणाली, "सकाळी धातूचा पत्रा न्यूट्रॉनच्या झोतात जायच्या आधी मी त्याला नमस्कार केला होता. हात लावून. आईसाठी."

"आणि हात कसले होते?"

"लगोरी खेळून आलेले."

आजोबांनी तिचा तळवा हातात घेतला. "घामात मीठ, मिठात सोडियम. तोही न्यूट्रॉन धरतो आणि किरण सोडतो. पण प्रत्येकाच्या किरणांची ऊर्जा ठरलेली, जसा ज्याचा त्याचा सूर. चूक माझीही आहे गं, सूर न ऐकता मी टाळच मोजत बसलो. टाळकऱ्या, सूर वेगळे काढ बघू."

टाळकऱ्याने सूर वेगळे केले. "दहातले नऊ टाळ घामाचे. धातू बिचारा कोपऱ्यात गुणगुणत होता."

तरी आजोबांनी खात्रीसाठी त्याच धातूचा नवा पत्रा काढला. हातमोजे घातलेल्या केतकीने तो चिमट्याने ठेवला आणि हात पटकन पाठीमागे घेतले.

"कर की नमस्कार," आजोबा हसले. "देव काय पत्र्याला चिकटून बसलाय? नमस्कार दुरूनही पोचतो."

संध्याकाळी आकडा आला. इवलासा, गणिताशी जुळणारा. केतकीने तो स्वतः चंद्राकडे पाठवला आणि खाली लिहिलं, 'आई, पुढच्या रात्री स्वेटर काढून झोप.'