पुसणीचे थेंब

औषधाची वेळ झाली की पिठी आपण होऊन कुमुदताईंच्या पायाशी घोटाळायची. दुसऱ्या कुणी या मांजरीचं कौतुक केलं असतं. ताईंच्या कपाळावर आठी उठायची.

"आली शहाणी! अरविंदा, टॉवेल आण."

"कुठला?" धाकट्या भावाने आतून विचारलं.

"रोजचाच."

"रोजचा कुठला, ते मला कसं कळणार, ताई?"

ताईंनी डोळे मिटून घेतले. कळणार नव्हतं, हे खरंच होतं.

पिठीच्या आतड्यातली गाठ काढली होती. पोटावर टाके, मानेतून पातळ अन्न घालायची नळी, गळ्यात प्लॅस्टिकचा मोठा शंकू. दिवसातून तीनदा गोळी, अन्न आणि जखमेची सफाई. पूर्वी असं मांजर माणसाचा कायमचा धसका घेई आणि कपाटामागे जाऊन बसे. आता मिरजेतल्या कुठल्याही जनावरांच्या दवाखान्यात 'स्मृतिरोधक' मिळत होतं. लोक त्याला पुसणी म्हणत.

"आठवण ओल्या सिमेंटसारखी असते," डॉक्टर रेश्मा मुजावर यांनी पहिल्या दिवशी समजावलं होतं. "घडलं की लगेच घट्ट होत नाही, मेंदूला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात दोन थेंब हिरडीला चोळायचे. मग ती घट्ट होतच नाही."

"म्हणजे दुखत नाही?" ताईंनी विचारलं.

"दुखतं की. पण नंतर तिच्या लेखी ते घडलेलंच नसतं."

अरविंद निवृत्त भूगोल शिक्षक होते आणि रक्त पाहिलं की त्यांना घेरी येई. त्यांनी हळूच विचारलं, "माणसांना चालतात का हो हे थेंब?"

"चालतात, सर. रुग्णाजवळ बसणारे हल्ली सर्रास घेतात."

तेव्हापासून घरातल्या तिघांपैकी दोघं विसरत होती. आपण पिठीला धरतो, हे अरविंदांना ठाऊक होतं, पण आपलं बारसं झालं हे ठाऊक असतं तसं.

एक गोष्ट कुणीच हिशेबात धरली नव्हती. आठवण असलेलं मांजर चार दिवसांत शिकतं की निमूट राहिलं तर लवकर सुटका होते. पिठी काहीच शिकत नव्हती. दर वेळी ती विश्वासाने येई, दर वेळी तिच्या डोळ्यांत तेच थक्क होणं, मग ती किंकाळी, मग नखं. अरविंदही दर वेळी पांढरेफटक पडत.

"ताई, किती ओरडतेय ती! थांब ना! कसाई आहेस का तू?"

"मान धर तिची! शंकू नव्हे, मान! कालही शंकूच धरला होतास."

सगळं उरकलं की पिठीच्या हिरडीला दोन थेंब, अरविंदांच्या जिभेवर दोन. थोड्या वेळाने ते पेपर वाचत बसत, पिठी त्यांच्या मांडीवर घुरघुरत असे.

"झालं का गं? काही त्रास नाही ना दिला तिनं? अगं, हाताला काय लागलं तुझ्या?"

"करवंदाची जाळी," ताई खेकसत.

"तू हल्ली फार चिडतेस, ताई."

टाके निघाले, नळी निघाली, पिठी बरी झाली. पाहुण्यांना अरविंद सांगत, "इतकं मोठं ऑपरेशन, पण पोरीनं हूं की चूं केलं नाही."

पावसाळा संपता संपता गाठ पुन्हा आली.

"मी काढू शकते," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "जगण्याची शक्यता निम्मी. या वेळी जखम मोठी असेल आणि शुश्रूषा जास्त दिवस करावी लागेल. नाही केलं तर दुखणं कमी ठेवून दोनेक महिने नीट जातील. मागचं तिला कितपत सोसलं? तिची नाडी मला यंत्रावर दिसते, बाकीचं तुम्हीच सांगायचं."

"काहीच त्रास झाला नाही," अरविंद लगेच म्हणाले. "करून टाका."

पिठी तपासणीच्या टेबलावर डॉक्टरांच्या हाताला डोकं घासत होती. तिचंही काही म्हणणं दिसत नव्हतं.

"नको," ताई म्हणाल्या. "रोज तीनदा ती मरत होती, अरविंदा. तू तिथेच होतास. तू रडत होतास."

"मी?" ते खरोखरच गोंधळले. "मला तर सगळं छान गेल्याचं आठवतंय. आणि हिच्याकडे बघ ना, ही घाबरलेली दिसते का? एकट्या तुझ्या सांगण्यावरून तिला मरू द्यायचं?"

ताईंना पुरावा द्यायचा होता. पण हातावरचे ओरखडे कधीच भरून गेले होते. आपण चिडखोर आहोत हे तर घरात सिद्धच झालं होतं. क्षणभर त्यांनाच वाटलं, आपण फुगवून तर सांगत नाही ना?

अरविंदांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात खरी माया होती.

"ताई, मागच्या वेळी तू एकटीनेच थेंब घेतले नाहीस, म्हणून तुला असं वाटतं. या वेळी तूही घे. म्हणजे तिसऱ्या वेळी अशी भांडणार नाहीस."

डॉक्टर काहीतरी म्हणतील म्हणून ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या शस्त्रक्रियेसाठी मोकळा दिवस शोधत होत्या.